हात थांबवायचा नाही

फोन वाजला तेव्हा रू शेंगदाण्याच्या रंगावर आला होता.
एल्मीर मावशीनं वळूनही पाहिलं नाही.
मैदा आणि तेल, एवढंच तर असतं,
पण लोखंडी कढईत एकदा पडलं
की पाऊण तास तुम्ही त्याचे.

मी अकरा वर्षांची. उलट्या बादलीवर बसून
सेलरी चिरत होते.
शेजारी कांद्याचा ढीग, त्याच्या निम्मी ढबू मिरची.
या तिघांना इथं पवित्र त्रैक्य म्हणतात
आणि कुणी हसत नाही.

फोन थांबला.
पुन्हा वाजला.

खिडकीबाहेर बायूचं पाणी, न वाहिल्यासारखं वाहणारं,
आणि धक्क्याला ओझेम मामाची होडी,
सहा दिवस कुणी सोडली नव्हती.
तिच्यात क्रॉफिशचे पिंजरे एकावर एक,
कोरडे ठणठणीत.

"मावशी, लाफाएतहून असेल. हॉस्पिटल."
"माहीत आहे."
लाकडी उलथनं तळ खरवडत फिरत राहिलं,
आठाच्या आकड्यात, कोपरेसुद्धा न चुकवता.
"आत्ता सोडलं तर हेही जाईल,"
ती म्हणाली, फ्रेंचमध्ये.
त्या भाषेपायी शाळेत तिला
मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावलं होतं.
आता ती फक्त चुलीपाशी बोलायची.
चुलीला कोण शिक्षा करणार?

जुन्या पैशाचा रंग आला.
मग विटेचा.
मग मामाच्या मनगटाचा, जुलैतल्या.

"दे."
मी पाट उचलून सगळं ओतलं.
चर्र झालं, वाफ छताला लागली,
आणि रंग जिथे होता तिथेच थांबला.
रू थांबवायचा हा एकच मार्ग.

मग तिनं हात पुसले, दोन्ही बाजूंनी.
नंबर फिरवला. ऐकलं.
"वी," म्हणाली. थोड्या वेळानं परत, "वी."
आणि रिसीव्हर असा ठेवला
जणू त्याला झोप लागली आहे.

चौघांचा रस्सा होता.
तिनं मोठं पातेलं काढलं.
कोंबडीचं पाणी, मग नळाचं, मग आणखी.
"इतकं?"
"तेओजेन आंदुई आणेल, धुरावलेली, घरची.
लांद्रीबाई भात आणेल, तिचा नेहमी चिकट होतो, बोलू नकोस.
लाल मिरची कमी टाक, पाद्रीबाबांना सोसत नाही."
कोण कोण येणार हे तिला
अजून कुणाला कळवायच्या आधी ठाऊक होतं.

चाळणीत भेंडी धुऊन ठेवली होती.
तिचं मत पक्कं: गंबो म्हणजे भेंडी,
नावच मुळी भेंडीचं, आफ्रिकेतलं,
ज्यांना कुणी न विचारता जहाजात भरलं त्यांच्या तोंडचं.
"आपल्यालाही उत्तरेतून हाकलताना कोणी विचारलं होतं?"
मामाचं मत: भेंडी बुळबुळीत, फिलेच खरी,
सासाफ्रासच्या पानांची पूड,
चोक्टॉ लोकांनी शिकवलेली.
आणि दोन्ही एकत्र? छे. तेवढ्यावर मात्र
दोघांचं तीस वर्षं एकमत.

तिनं चाळणीकडे पाहिलं.
मग स्टुलावर चढली, वरच्या फळीवरून
त्याची बरणी काढली.
आच बंद केली, नाहीतर तार सुटते
हे तिला माहीत होतं, म्हणजे
इतकी वर्षं ती त्याचं ऐकत होती.

बरणीवर पेन्सिलीनं लिहिलेलं: ऑगस्ट.
गळ्यापर्यंत भरलेली होती.

भेंडी तशीच राहिली,
तिसऱ्या दिवशी मी ती कोंबड्यांना टाकली.