बंदीचा चाळिसावा दिवस

सायराभाबीच्या मुलाने मस्कतहून आणलेलं हे विजेचं भांडं
तिच्या माळ्यावर तीन वर्षं खोक्यातच होतं.
"ने गो, तुझ्याकडे तरी शिजेल काहीतरी."

सकाळी सातला लावलं.
सुरण, चिंचेच्या पाण्यात खाज उतरवून.
वळचणीखाली ठेवलेला लाल भोपळा,
दोन कच्ची केळी, मूठभर आठळ्या, मक्याचे दाणे.
आठ तास, भाबीने बोटांवर दाखवलं होतं.

नऊला यांनी झाकण उचललं.
साडेदहाला पुन्हा.
"उकळत कसं नाही?"
उकळायचं नसतंच त्याला, म्हटलं,
आणि उघडलंत की अर्धा तास वाढतो.

होडी झापांखाली. जाळी विणून झाली,
मग विणलेलीच उसवून पाहिली.
हा माणूस हर्णैच्या खाली जाळं टाकून
रात्र रात्र बसतो, हूं की चूं न करता;
एका भोपळ्यापुढे त्याचा धीर सुटतो.

मी काही बोलले नाही.
मागच्या वादळात
मी बंदरावर किती वेळा उठून गेले
ते मीही मोजलं नव्हतं.

दोनला वीज गेली. जाणारच.
भांड्यावर गोधडी टाकली,
वर पाट, पाटावर वरवंटा.
साडेतीनला आली.

शेवटी नारळाचं दूध, आधी घातलं तर फाटतं.
मीठ. आणि ठेचलेली त्रिफळं,
बांगड्याला घालते तेवढीच.

भातावर वाढलं. खाली मान घालून जेवले.
सुरण लोण्यासारखा.
आणि ताट संपेस्तोवर
अंगठा नि दोन बोटं
प्रत्येक घास चाचपत राहिली,
काटा शोधत.