अर्ध्या वर्षाचा रहिवासी

सेंट जोसेफच्या वाचनालयात, एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी
ऑर्विल टॅकेट पिशवीतून कागद काढतो:
पेन्शनचा फॉर्म, गव्हाच्या गोदामातली शेवटची पगारचिठ्ठी,
आणि बियाण्यांची एक पावती, चुकून आलेली.

केंद्राचं विवरणपत्र झटक्यात गेलं.
आता राज्यं. दोन.
सॉफ्टवेअर विचारतं: कॅन्सस कधी सोडलंत?
दिवस, महिना, वर्ष.

"पलंग जूनमध्ये आणला," तो म्हणतो,
"कुत्री जुलैत. ती गाडीत चढेचना.
टपाल अजून तिकडेच जातं.
आणि मर्ना तर तिथेच आहे, ॲचिसनच्या टेकडीवर,
तिला कसं हलवणार?"

मी टॅब दाबून पुढे सटकू बघते.
चौकट लाल होते.
रिकामी चालत नाही. एकच तारीख.

तो खिडकीकडे बघतो. इथून नदी दिसत नाही.
"चौदा जून घाला. किल्ली दिली तो दिवस."

कॅन्सस एकोणीस डॉलर परत देणार,
मिसुरी सव्वीस मागणार.
"म्हणजे सातावर सुटलो," तो हसतो, थोडासाच.

मग बियाण्यांची पावती पुढे सरकवतो:
ही कुठे लावायची?
कुठेच नाही, मी म्हणते.
टोमॅटोची आहे, तो सांगतो,
आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवतो.