पातळ पत्रा

सोडांक्युलात मार्चमध्येही गॅरेज गोठलेलं.
निवृत्त पोस्टवाली आउलिक्की
जुन्या साबखाली उताणी,
मिठानं खाल्लेल्या पत्र्याला हातोडीनं विचारते :
अजून कुठवर आहेस?

दाराच्या उंबऱ्यातून निघाला
नवऱ्यानं कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा.
वर लांबी, वर रंग.
"पक्कं केलंय," म्हणाला होता.
ती हसली. मग बराच वेळ हसली नाही.

काच खाली. ठिणगी.
पहिल्याच टाक्याला भोक.
शेजारचा यालमारी म्हणाला, करंट कमी कर.
घाईसुद्धा.

दुसरं भोक. तिसरं.
नवव्याला फोडणीसारखं तडतडलं
आणि धरलं.

चिमणी शिटल्यासारखा दिसतो सांधा.
लांबी नको, म्हणाली, दिसू दे.

बोळा शेगडीपाशी उलगडून ठेवलाय :
हवामानाचं पान,
उद्या बर्फ.