वाटमोड

पुउमालाच्या दुकानात मी गल्ल्यावर बसते.
दिवसभर माझ्या हातांतून जातात
बटाटे, बॅटऱ्या, यीस्टच्या पुड्या
आणि अनोळखी बोटं लागलेली नाणी.
मार्चच्या मध्यावर रेडिओ म्हणाला,
सत्तरीपुढच्यांना जपा, लांब राहा.
वाटलं, आजाराबद्दल बोलताहेत.
रात्री हात धुताना कळलं,
माझ्याबद्दल बोलत होते.

आइली आत्या बेटावर राहते. वय चौऱ्याऐंशी.
किनाऱ्यापासून सातशे पावलं:
हिवाळ्यात बर्फावरून, उन्हाळ्यात वल्ह्यांनी.
प्लायवुडच्या गिरणीतला भुसा
अजून तिच्या छातीत आहे, जिना चढताना वाजतो.
आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं,
फारसं न बोलता,
इथं वाढवतात तसं.

दर शनिवारी मी घसरगाडी ढकलत निघते.
मधोमध तिनं फरची एक फांदी रोवलीय.
तिथं सामान ठेवायचं
आणि वीस पावलं मागं सरायचं.
मग ती येते. हातात काठी,
तोंडावर माझ्या शाळेतला निळा मफलर.
पाव हुंगते, दूध हलवून बघते,
"पुन्हा तीच कडू कॉफी!" ओरडते.
एवढ्या लांबून रागवायचं
तर सगळे शब्द पूर्ण उच्चारावे लागतात.
आत्या इतकं स्पष्ट
माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

एका शनिवारी तिनं दोन भोकं पाडून ठेवली होती,
माझ्या भोकापाशी बादली उपडी, बसायला.
आम्ही गळ सोडून बसलो.
मला भरून आलं. म्हटलं,
"खाली पाणी तर एकच आहे ना, आत्या."
"पाणी खोकत नाही," ती म्हणाली,
आणि पर्च मासा ओढून बर्फावर आपटला.

त्यानंतरच्या शनिवारी ती घसरली.
बसलीच एकदम, पाय पसरून, लहान पोरीसारखी.
मी धावले. आठ पावलं.
तिनं काठी उचलली, माझ्याकडे रोखून.
थांब.
मी थांबले.
ती आधी कुशीवर वळली, मग गुडघ्यांवर,
मग काठीवर हात रचत रचत वर.
किती वेळ लागला ते मी सांगणार नाही.
धावत्या पायांना जागेवर धरून ठेवणं
हेही काम असतं,
गल्ल्यावरच्या दहा तासांहून दमवणारं.

मग बर्फ काळा पडायला लागला.
आमच्याकडे या दिवसांना वाटमोड म्हणतात:
बर्फ पेलत नाही, होडी शिरत नाही.
मी फोनवर रडले. आता कशी येऊ?
"बासष्ट वसंत मी अशीच बसलेय," ती म्हणाली.
"पीठ आहे, वाटाणे आहेत, लोकर आहे.
तुम्हांला हे आत्ता रेडिओनं सांगितलं.
मला तळं दरवर्षी सांगतं."
आणि ठेवलाच फोन. तिला बिलाची काळजी,
बिल मी भरत असले तरी.

रात्री नऊला ती खिडकीत दिवा लावायची.
मी इकडून अंगणातला दिवा दोनदा मिचकवायची.
पण मे जवळ येत गेला, रात्री आखडल्या,
नऊला इतका उजेड
की तिचा दिवा दिसेनासा झाला.
दोन दिवस मी किनाऱ्यावर नुसती डोळे ताणत उभी.
तिसऱ्या दिवशी तिच्या दोरीवर
लाल घोंगडी वाळत होती.
चौथ्या दिवशीही. पाचव्याही.
कुणी घोंगडी रोज धुतं का?

तळं उघडलं त्या सकाळी मी होडी घातली.
धक्क्यापासून तीन वल्ही लांब थांबले.
ती धक्क्याच्या कडेला बसलेली,
मफलर नाकापर्यंत.
विणलेले मोजे तिनं एकेक करून फेकले.
एक माझ्या मांडीवर आला, एक पाण्यात गेला.
"वाळव," म्हणाली.
दर शनिवारी पाठ आधी तिचीच फिरायची.
आज ती बसून राहिली,
मी होडी वळवेपर्यंत,
आणि मला काही केल्या
वल्हं सापडेना.