ताबा यादी

यावलच्या पाटबंधारे क्वार्टरात
माझ्याआधी सहा जण राहून गेले.
कोणतं झाड कुणाचं,
मुकादमालाही ठाऊक नाही.

पहिल्या रविवारी रुमालसिंग पावरा आला.
पान चुरगाळून हुंगलं, देठ मोडून चीक बघितला,
साल चावून थुंकून टाकली.
हा बकाण, कडुनिंब समजून फसाल.
ती शिवण. ते भोकर, लोणच्याचं.
हा अंजन, कुऱ्हाडीचे दात पाडतो.

हौदाजवळच्या झाडापाशी मात्र थांबला.
शेळी सोडून पाहिली.
ती शिंकली
आणि मेंदीच्या कुंपणाकडे वळली.

"आमच्या डोंगरातलं नाही हे."
मग नाव काय?
"नाव कशाले पाहिजे, ताई?
हाक मारनार का त्याले?"

वैशाखात पंखा नुसती झळ फेकायचा,
तेव्हा त्याच्याच खाली खाट टाकली.
एका पहाटे चादरीवर बारीक पिवळी फुलं,
वास नसलेली.
रुमालसिंगला दाखवायला वाटीत ठेवली,
तो आलाच नाही महिनाभर.

परवा बदलीचा कागद आला.
नळ तीन. पंखे दोन, पैकी एक बंद.
बकाण, शिवण, भोकर, अंजन.
शेवटच्या रकान्यात पेन अडलं.
मग लिहिलं :
अनोळखी, नग एक,
चालू स्थितीत.