धुवण

रबाळ्याच्या कारखान्यात
घड्याळांच्या पट्ट्यांना सोन्याचं पाणी देण्यात
बाबांची सव्वीस वर्षं गेली.
कारखान्याच्या जागी आधी आमचं भात होतं,
म्हणून ती नोकरी.

फाटकाला कुलूप लागलं तेव्हा
शेठने हिशेबाऐवजी चार कॅन दिले:
पट्ट्या विसळलेलं पाणी, साठवलेलं,
आजारी माणसाच्या लघवीसारखं फिकट.
"पदाजी, ह्यात निघेल ते तुझं."

गोठिवलीत, गच्चीवर, निळ्या पत्र्याखाली
बाबा ते आटवत बसले.
आजोबांचं खाडीवर मिठागर होतं.
पाण्यातून घट्ट काहीतरी काढायचं
आणि वाट बघताना बोलायचं नाही,
एवढं घराण्यात होतंच.

तेजाब पडलं की तांबडा धूर उठायचा.
शेजारचा काथोड खालून ओरडायचा,
"पदादादा, तुमच्या घरातून सोन्याचा धूर निघतोय रे!"
आम्ही खोकत खिडक्या लावून घ्यायचो.
गज गंजले. नळाची तोटी हिरवी पडली.
कुंडीतलं अळू कडेकडेनं करपलं,
आणि बाबांची बोटं जांभळी झाली.
सोनं अंगाला लागलं की जांभळं होतं,
पिवळं नाही.
हे मला तेव्हा कळलं.

त्याच साली मतदान आलं.
शाईवाल्या बाईंनी बोट उलटंपालटं करून पाहिलं.
"काका, तुम्ही तर करून आलात."
बाबा काय सांगणार?
आले परत,
कॅनपाशी बसले.

मार्गशीर्षातल्या एका रात्री तळाशी काहीतरी बसलं.
चकाकी नाही, काही नाही. तपकिरी गाळ.
सात पाण्यांनी धुतला, वाळवला,
आणि जपून ठेवायचा म्हणून
हाताला लागलेल्या डबीत भरून
फळीवर ठेवला.

सकाळी आई मोरीपाशी, बोट दातांवर.
"यो कनची मशेरी आनली? चवच नाय."

मला वाटलं, आता भांडण.
बाबांनी आधी नळ बंद केला.
मग स्टीलचं पातेलं तिच्या हनुवटीखाली धरलं,
ताप आलेल्या पोरापुढे धरावं तसं.
"थुक," म्हणाले. "हळू. सगळं थुक."
ती थुंकली. मग तिला उमगलं,
आणि हसता हसता
उरलेलं गिळून बसली.

जांभळी नाक्यावरच्या विट्याकडच्या गलाईवाल्याने
मूस लाल होईतो काही विचारलं नाही.
मणी निघाला, वाटाण्याहून लहान,
दोन ग्रॅम आणि वर थोडं.
"हजारात नऊशे नव्व्याण्णव," तो म्हणाला,
"एवढं चोख कुठून आणलंत?"
बाबा म्हणाले, "धुवणातून."
कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

पैसे वीजबिलात आणि माझ्या फीत गेले.
ती डबी अजून आहे, आता तिच्यात जिरं असतं.
मी कधी विचारते,
राहिला तो एक?

आई दातांवरून जीभ फिरवते
आणि भाजी चिरत राहते.