उताऱ्यात नाही

चौथीचा वर्ग, फेब्रुवारी, जेवणाआधीचा तास.
फळ्यावर मी लिहिलं : सारांश.
प्रज्योत म्हणाला, "बाई, म्हंजे बारीक अक्षर काढायचं का?"
नाही, म्हणाले मी.
पण मग नेमकं काय, ते माझ्याही तोंडात
पटकन येईना.

उतारा बेदाण्यावरचा, साडेअकरा ओळींचा.
सावळजच्या अलीकडच्या आमच्या वस्तीला
तो वाचायची तशी गरज नव्हती.
खिडकीतून शेडचं हिरवं कापड फडफडताना दिसतं
आणि हंगामात गंधकाचा वास
शाळेच्या खिचडीत येऊन बसतो.

रेहाननं अख्खा उतारा उतरवून काढला,
स्वल्पविरामांसकट,
छापणाऱ्याची एक चूक होती, तीही जशीच्या तशी.
यशराजनं लिहिलं, 'बेदाणा.'
वही मिटली, म्हणाला, झालं, भाईर जाऊ?
आणि प्रज्योतचं असं :
मला बेदाणा आवडत नाही. खिरीतला मी
आजोबांच्या वाटीत टाकतो. त्यांना दिसत नाही.
मी हसू दाबलं. तांबड्या पेनानं
वळसा घातला, काढावासा वाटत नसताना.

मग एक दिवस वर्गात एसटी आणली.
माझी खुर्ची म्हणजे खिडकीची सीट,
खुर्चीत मामा, मामा विट्याला निघालेला.
गाडी हलायच्या आत त्याला उतारा सांगायचा,
ओरडून, धुरळ्यातून,
यशराज कंडक्टर, त्याच्या हातात पट्टी, टेबलावर डबल बेल.
"मामा, द्राक्षं असत्यात, ती द्रावणात..."
टण टण. गेली गाडी.
"मामा, आधी तोडायची, मग..."
टण टण.
सहाव्या फेरीला रेहान,
तोच, एक मात्रा न सोडणारा,
खिडकीला लोंबकळून एका दमात :
"द्राक्षं वाळवून बेदाणा! चार किलोचा एक!"
मामा विट्याला गेला तो ऐकूनच गेला.

नियम एकच दिला होता मी, घोकून घेतला होता :
उताऱ्यात नाही ते लिहायचं नाही,
पदरचं काही घालायचं नाही.

शनिवारी वह्या घरी आणल्या.
शमिका कोळेकर. चार ओळी, अक्षर बसकं, नीटस.
पहिल्या तीन अशा की मलाच जमल्या नसत्या.
चौथी :
'मग बायका खाली बसून काड्या निवडतात,
संध्याकाळी त्यांचे डोळे चुरचुरतात.'

तांबडं पेन टेकवलं होतं.
उचललं. पुस्तक काढून उतारा परत वाचला,
या वेळी शिकवण्यासाठी नाही.
द्राक्षे तोडली जातात. बुडवली जातात.
जाळीवर पसरली जातात.
बेदाणा निवडला जातो, प्रतवारी केली जाते.
साडेअकरा ओळींत
एकही माणूस नव्हता. हात नव्हता.
सगळं आपलं आपण जात होतं
खोक्यापर्यंत.
इतकी वर्षं मी हा उतारा
मुद्देसूद म्हणून सांगत आले.

शमिकाची आई मला माहीत आहे.
पालकसभेला येते ती मागं दाराशी बसते,
सही करताना अंगठ्याचा चिकटपणा आधी पदराला पुसते.

समासात लिहिलं : उताऱ्यात नाही.
बऱ्याच वेळानं त्याखाली : खरं आहे.
पाचापैकी किती, ती जागा
तशीच सोडून झोपले.

सोमवारी वही घेऊन टेबलाशी उभी राहिली.
समास दोनदा वाचला तिनं, बोट ठेवून.
"बाई, म्हंजे चुकलं का बराबर?"
मी म्हटलं, बस, सांगते, त्याचं असं आहे,
की उतारा लिहिणारा जो असतो,
तो कुठून बघतो, आणि आपण...
"थोडक्यात सांगा की बाई."

मागच्या बाकावरून यशराजनं
डबल बेल दिली.